डोक्यावरचं पाणी वाळल्यावर

विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती खरी किती, हा वाद इथं बाजूला ठेवू. तिच्यात जे गृहीत धरलेलं आहे ते बघू. सकाळी बाई घागर घेऊन विहिरीवर जाते, पाणी भरते, घरातली माणसं ते पितात आणि संध्याकाळी कळतं की आपण ख्रिस्ती झालो. कुणी काही ठरवलेलं नाही, कुणी कशावर विश्वास ठेवलेला नाही, तरी धर्म बदललेला आहे. ‘बाटणं’ हे क्रियापद मुळात भांड्याचं, अन्नाचं, पाण्याचं. ते माणसाला लावलं की माणूसही भांड्यासारखा होतो, त्याच्यावर काहीतरी पडतं आणि तो बिघडतो. चर्चचा शब्द याच्या नेमका उलटा. तिथं बाप्तिस्मा म्हणजे धुतलं जाणं, जुन्याला पुरून नव्यानं जन्मणं. एकाच पाण्याला एक पक्ष विटाळ म्हणतो, दुसरा शुद्धी. गंमत अशी की दोघांचीही नजर पाणी पडण्याच्या त्या एका क्षणावरच खिळलेली असते. मिशनचं रजिस्टर तो दिवस नोंदवतं, वर्तमानपत्र त्याच दिवसाची बातमी करतं, नातलग त्याच दिवशी सुतक पाळतात. या लेखाचं म्हणणं असं की बाप्तिस्म्याचा अर्थ त्या दिवशी ठरत नाही. डोक्यावरचं पाणी वाळल्यावर पुढची वीस-तीस वर्षं तो माणूस रोज सकाळी उठून कोणतं काम करतो, कुणासाठी करतो आणि कोणतं काम करायला नकार देतो, यावर तो ठरतो. हे तपासायला पुण्याइतकं चांगलं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही.

पुण्याला बाप्तिस्मा झालेला माणूस इंग्रजांच्या राज्याआधीपासून माहीत होता. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार होते, आणि त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ साली, चर्चला जागा मिळाली. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच. शनिवारवाड्याला त्यांच्या धर्माची अडचण वाटली नाही, कारण त्यांचं काम दरबाराला हवं होतं. अडचण सुरू झाली ती पुढच्या शतकात, पेठांमधली आपलीच मुलं बाप्तिस्मा घेऊ लागली तेव्हा. आणि ती अडचण पाण्याचीच होती. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा शहर हादरलं. तिथून हाकेच्या अंतरावर, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशन उभं राहिलं. पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा आजही पेठेच्या गर्दीवर मान काढून उभा आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी याच मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. ‘पुणेवैभव’मध्ये नावं छापून आली, ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एक कप चहाची ही किंमत. मग डोक्यावर पाणी घेणाऱ्याची किंमत काय झाली असेल, याचा हिशेब सहज करता येतो.

कायद्यानं तो हिशेब थोडा हलका केला होता. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानं धर्म सोडल्यामुळं वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद केली. पण कायदा जमीन वाचवू शकतो. गिऱ्हाईक, जातभाईंची उधारी, लग्नाच्या पंगतीतलं पान वाचवू शकत नाही. जातीच्या धंद्यात माल, कसब आणि बाजार हे तिन्ही जातीकडूनच मिळायचं. बाप्तिस्मा घेणाऱ्याचं ते तिन्ही एका दिवसात तुटायचं. बाबा पदमनजी बेळगावच्या त्वष्टा कासार घराण्यातले. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तांब्या-पितळेचा वारसा मागं राहिला. पुण्यात त्यांनी फ्री चर्चच्या शाळेत शिकवलं, मंडळीचं पाळकपण केलं, पण त्यांचं खरं काम लेखणीचं ठरलं. १८५७ चं ‘यमुनापर्यटन’ हे मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांपैकी एक. त्यात विधवांच्या दुःखाचा जो शोध आहे, तो धर्मोपदेशाच्या चौकटीत असूनही चौकटीबाहेर सांडतो. शब्दकोश, नियतकालिकं, आत्मचरित्र, शंभराहून अधिक पुस्तकं असं त्यांचं काम पसरलं. याच्या शेजारी काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांना ठेवून पाहावं. १८४८ मध्ये ते नेहेम्या गोरे झाले, पुढं पंचहौदेत राहिले, पण बाप्तिस्म्याआधी शास्त्री होते तसे नंतरही शास्त्रीच राहिले. पूर्वी ख्रिस्ती मताचं खंडन करत, पुढं षड्दर्शनांचं केलं. एकाला बाप्तिस्म्यानं नव्या धंद्यात लोटलं, दुसऱ्याचा धंदा तोच राहिला, फक्त बाजू बदलली. माझ्या मते पदमनजींची वाट मराठी समाजाला अधिक देऊन गेली, कारण तिच्यात जुन्या कसबाचा आधार नव्हता.

पण या विषयाचं मोठं प्रकरण म्हणजे पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी आणि त्यांची लहानगी लेक मनोरमा हिनं बाप्तिस्मा घेतला. वाँटेजच्याच भगिनींचं काम पुण्यात पंचहौदेत चाललेलं, त्यामुळं हा धागा पुण्यातूनच गेलेला. पुण्यात त्यांनी आदल्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापला होता, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली होती, हंटर आयोगापुढं स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-शिक्षकांची मागणी केली होती. म्हणजे काम आधीचं, पाणी नंतरचं. आणि पाण्यानंतर पहिला खटका उडाला तोही कामावरूनच. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावं अशी सूचना आली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी विरोध केला. हिंदुस्थानात याचा गैरसमज होईल, असं त्यांचं म्हणणं. जी बाई हिंदुस्थानात पुरुषांनी भरलेल्या सभांमध्ये पुराण सांगत फिरली होती, तिला हे सांगितलं जात होतं! रमाबाईंनी ऐकून घेतलं नाही. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, हाही त्यांचा प्रश्न होता. बाप्तिस्मा म्हणजे स्वतःची सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली करणं नव्हे, हे त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांमागून पत्रं लिहून सांगितलं. ती पत्रं आज छापील उपलब्ध आहेत आणि मराठी ख्रिस्ती विचारातला सर्वांत धारदार मजकूर मला तोच वाटतो.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. स्वतः रमाबाईंनी पुढं आपल्या साक्षीत कबूल केलं की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म पटला होता, पण ख्रिस्ताची ओळख बरीच उशिरा, १८९१ च्या सुमारास पटली. पाणी आणि पालट यांत आठ वर्षांचं अंतर, आणि ती आठ वर्षं भरलेली कशानं, तर व्याख्यानं, अमेरिकेतला निधी, पुस्तक, शाळा, विधवांची पोटापाण्याची सोय यांनी. मग १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणल्या, दौंडकडच्या रेल्वेवर केडगावला जमीन होती तिथं नेल्या आणि मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार बायका-मुलींना रोज दोन वेळा भाकरी घालायची म्हणजे विहिरी खणायच्या, शेत पिकवायचं, गोठा सांभाळायचा, घाणा चालवायचा, माग लावायचे, शिवणकाम, धुलाई, दवाखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. केडगावात चर्च आहे, मोठंच आहे. पण या जागेची रोजची उपासना खिळे जुळवणाऱ्या, दूध काढणाऱ्या, दळण दळणाऱ्या हातांनी चाललेली होती. वरच्या जातीतल्या विधवेनं घाण्यावर किंवा धुण्याच्या दगडावर उभं राहणं हे त्या काळी प्रवचनापेक्षा मोठं बंड होतं. आणि छापखाना! मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा भाषेत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्या सुमारास ते पुरं झालं, आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या त्याच बायका. दुष्काळातून आलेली मुलगी ज्या ग्रंथातून शिकली तो तिनेच अक्षर-अक्षर लावून छापला, असं उदाहरण जगात फार नसावं.

इथं पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो हलका नाही. काम हे नुसतं आमिष नव्हतं का? भाकर आधी, पाणी नंतर, हा सौदाच ना? १८९३ मध्ये हा प्रश्न पुण्यात ऐरणीवर आला. शारदा सदनात मुलींवर धर्माचा प्रभाव पडतो म्हणून ‘केसरी’नं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि सल्लागार समितीतून रानडे व भांडारकर यांनी अंग काढून घेतलं. त्यांची तक्रार निराधार नव्हती. धर्मनिरपेक्ष म्हणून उघडलेल्या संस्थेत चालकाच्या प्रार्थनेचं दार उघडं असणं आणि मुलींनी त्या दारातून आत जाणं यातली रेघ पुसट असते. दुष्काळात उपाशी असलेल्या मुलीनं घेतलेल्या निर्णयाला कितपत निर्णय म्हणायचं, हेही विचारायलाच हवं, आणि या प्रश्नाला मिशनच्या इतिहासकारांनी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. पण आमिषाचा सिद्धान्त एका ठिकाणी अडतो. आमिष गळाला मासा लागेपर्यंतच असतं. केडगावात मुलगी बाप्तिस्मा घेऊन मोकळी होत नव्हती. तिथून पुढं तिचं शिकणं, कसब मिळवणं, स्वतःच्या पायावर उभं राहणं सुरू व्हायचं. आणि शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई बाटली नाही. तिनं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, आनंदीबाई झाली, आणि हिंगण्याच्या विधवाश्रमाच्या कामाला तिचा हात लागला. बाप्तिस्मा झालेल्या बाईच्या कामाचं फळ बाप्तिस्मा न झालेल्या घरात गेलं. पुण्यानं रमाबाईंना वाळीत टाकलं आणि त्यांच्या विद्यार्थिनीला पुढं डोक्यावर घेतलं, हा तपशील पुण्याच्या स्वभावाला शोभणाराच आहे.

दुसरा आक्षेप शब्दातून सुरू होतो. मराठी बायबलमध्ये एक सुंदर शब्द आहे: पाचारण. देवानं माणसाला हाक मारणं. एरवी हा शब्द आपल्याला वर्तमानपत्रातच भेटतो, ‘अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले’. चर्चच्या बोलण्यात मात्र तो आक्रसला आहे. पाचारण झालं म्हणजे मुलगा धर्मगुरू व्हायला गेला किंवा मुलगी मठात गेली. पाचारण रविवारी प्रार्थना होते ती प्रामुख्यानं याच पाचारणासाठी. ल्यूथरनं १५२० मध्ये याला सुरुंग लावला. चांभार, लोहार, शेतकरी हे सगळे बाप्तिस्म्यानं याजकच आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं एवढंच, असं त्याचं म्हणणं, आणि पौलाच्या पत्रातल्या ‘पाचारणा’साठी त्यानं वापरलेला जर्मन शब्दच पुढं धंद्यासाठी रूढ झाला. कॅथलिक चर्चनं हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, मान्य केली: प्रापंचिकांनाही बाप्तिस्म्यानंच ख्रिस्ताच्या याजकपणात वाटा मिळतो आणि तो त्यांनी संसारात, धंद्यात भोगायचा. युरोपात हे ऐकायला मोकळं वाटतं. इथं मात्र कुणीही पटकन म्हणेल, यात नवीन काय? आपलं कर्म करून देवाला भजावं हे गीता सांगते, टिळकांनी १९१५ मध्ये पुण्यातूनच त्यावर ग्रंथ काढला. सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल दिसला. आणि जो अधिक कडवट असेल तो म्हणेल, प्रत्येकानं आपापल्या धंद्यात राहून देवाची सेवा करावी, यालाच आम्ही इथं जात म्हणतो. त्याच पौलानं ज्याला ज्या स्थितीत हाक आली त्यानं तिथंच राहावं असं लिहिलेलं आहेच की.

हा आक्षेप माझ्या मते सर्वांत बळकट आहे, आणि त्याचं उत्तर जर्मनीत शोधण्यात अर्थ नाही, नगर जिल्ह्यात शोधावं लागतं. अमेरिकन मराठी मिशन तिथं १८३१ पासून होतं आणि बाप्तिस्मा घेणाऱ्यांत मोठी संख्या महार आणि मांग समाजातल्या लोकांची होती. त्यांच्या लेखी ‘आपलं काम’ म्हणजे मेलेलं ढोर ओढणं, गावाची वेस राखणं, सांगावा घेऊन धावणं, आणि बदल्यात शिळा तुकडा. या माणसाला ‘तुझं काम हेच तुझं पाचारण’ असं सांगणं म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्यानं त्याच्या गळ्यातली दोरी ओली करून घट्ट करणं. त्यानं काय केलं? अनेक ठिकाणी गावकीची ती कामं नाकारली. शाळामास्तर झाला, कंपोझिटर झाला, बायको परिचारिका किंवा ‘बायबल बाई’ झाली. पौलाचंही ते वाक्य एकटं नाही; लगेच पुढं दासाबद्दल लिहिताना सुटकेची संधी आली तर ती साधून घ्यायला तो सांगतो, निदान मराठी वाचकापुढं ते असंच आलेलं आहे. म्हणून महाराष्ट्रात पाचारणाचा पहिला अर्थ काम धरणं हा नाही, काम सोडणं हा आहे. जन्मानं लादलेलं सोडता आलं तरच स्वतः निवडलेल्या कामाला देवाची हाक म्हणता येतं. सावता माळ्याच्या मळ्यापुढं मी हात जोडतो; पण मळा त्याचा होता. चोखोबाला देवळाच्या पायरीपर्यंतच जाता आलं, आणि गावकुसाची भिंत बांधण्याच्या वेठीत ती अंगावर कोसळून तो गेला अशी परंपरा सांगते.

अर्थात, जुनं सोडून मिळालेलं नवं नेहमीच मोकळं नव्हतं. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचा छापखाना, मिशनचा पगार: बलुतेदारीतून सुटलेला माणूस कधीकधी दुसऱ्या वाड्याच्या दारात उभा राहिला. हे सर्वांत आधी ओळखलं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, वर्षानुवर्षं नगरला मिशनच्या नोकरीत काढली, ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळला, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून सातारला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य एका पंगतीत. दोन वर्षांत ते वारले आणि तो प्रयोग विरला. पण त्यातून तिसरा आक्षेप आपोआप पुढं येतो: कामच जर कसोटी असेल, तर पाणी हवंच कशाला? पुण्याकडे याचंही उदाहरण आहे. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पदमनजी त्यांचे मित्र, येशूबद्दल त्यांना मनापासून आदर, आणि तरी त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. एका घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असं सुखानं नांदावं, इतकं पुढचं चित्र त्यांनी आपल्या अखेरच्या पुस्तकात काढून ठेवलं. हौद खुला करायला त्यांना कुठल्या हौदात उतरावं लागलं नाही.

याला माझं उत्तर अर्धं आहे, आणि ते अर्धंच द्यायला हवं. चांगल्या कामासाठी बाप्तिस्मा लागतो असं म्हणणारा माणूस फुल्यांच्या हौदापाशी खोटा ठरतो. पण बाप्तिस्म्याचा दावा तो नाहीच. काम चांगलं असलं तरी माणूस त्या कामाएवढाच मोठा किंवा छोटा नाही, हे तो सांगतो. हाक आधी येते, काम नंतर. म्हणून तर तो तान्ह्या बाळालाही देतात, ज्याच्या हातून अजून काहीच घडलेलं नाही. तान्ह्याला देणं योग्य की अयोग्य, यावर चर्चमध्ये शतकानुशतकं भांडण झालं. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारताची मंडळी एकवटली तेव्हा तिनं दोन्ही रीती शेजारी-शेजारी ठेवल्या, आणि हा शहाणपणा मला फार देखणा वाटतो. बाळाला विचारलं नव्हतं, ही तक्रार खरीच. पण पंचवीस वर्षांनी तेच बाळ इस्पितळात रात्रपाळीला उभं असतं, तेव्हा अनोळखी म्हाताऱ्याची गादी बदलायची की मावशींच्या नावानं हाका मारत बसायचं, हे त्याला रोज विचारलं जातं. निवृत्त झालेल्या, आजारी पडलेल्या, नोकरी गेलेल्या माणसापाशीही तीच हाक राहते. काम हाच बाप्तिस्मा असं म्हटलं असतं तर बेकार माणूस बाप्तिस्म्यातून बाद झाला असता. केडगावच्या आंधळ्या मुली तर पहिल्याच दिवशी बाद झाल्या असत्या.

कायद्याच्या पुस्तकात मात्र पाणी अजून वाळलेलं नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद हिंदूंपुरता होता; त्यात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुसाई नावाच्या माणसाचा खटला निकाली निघाला. मद्रासच्या रस्त्याकडेला बसून तो चपला शिवायचा. सरकारनं रस्त्यावरच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या द्यायचं ठरवलं; त्याला नाकारली, कारण तो ख्रिस्ती होता. त्याचा रस्ता तोच, आरी-रापी तीच, गिऱ्हाईक तेच. ख्रिस्ती झाल्यावरही जातीची झळ तितकीच लागते याचा पुरावा पुढं आलेला नाही, असं म्हणून न्यायालयानं त्याचा अर्ज फेटाळला. ल्यूथरच्या यादीत पहिलं नाव चांभाराचं होतं.